होलिस पीझलीचं अकरावं बटण

“पाण्यानं काही मरत न्हाई, घाईनं मरतं,” असं ओडेट लूसिए दारात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची. ते ऐकलं की वेस्ट ऑर्लनची माणसं मान खाली घालून आपल्या बुटांवरचा बर्फ न्याहाळत. कारण ओडेटचा थोरला भाऊ रोझेअर पाण्यानंच मेला होता. एकोणचाळीस वर्षांपूर्वी, मार्चच्या शेवटाला, गावच्या तळ्यावरचा बर्फ फुटून तो आत गेला तो गेलाच. मे महिन्यात मासे धरणाऱ्यांना सापडला. बाईला त्याचं काही नसे. ती भिजलेला कीबोर्ड उपडा करून हातावर तोलायची, नाकाशी धरायची आणि विचारायची, “काय सांडलं? खरं सांगा. मला खोटं सांगून चालंल, ह्याला न्हाई चालायचं.”

लोक खोटंच सांगत. चहा म्हणत आणि बटणांखालून ब्रँडीचा वास येई. शाळेतल्या मास्तरीणबाईंनी “नुसतं पाणी” म्हणून दिलेला माऊस असा चिकटला होता की मेजावरून उचलताना खालचा कागद बरोबर आला. तांदळाच्या डब्यात पुरून आणलेली वस्तू बघितली की तिचं डोकंच फिरे. “भात लावू का ह्याचा?” ती म्हणे. “तांदूळ पाणी पितो आसं कुनी सांगितलं तुमास्नी? एकदा वल्ला बूट घालून बघा की तांदळात!”

वय पंचावन्न. अंगानं बुटकी, रुंद, पंजे गड्यासारखे. बावीस वर्षं दूध संघाच्या कचेरीत आकडे टिपत बसली होती. तिथं रोज कुणाच्या ना कुणाच्या कीबोर्डावर दूध सांडायचं, आणि दुधासारखा दुसरा वैरी नाही. कॉफी डाग पाडून मोकळी होते, दूध आत बसून कुजतं. तिथंच ती हे शिकली. संघ बुडाला तेव्हा भंगारात निघालेले चाळीस कीबोर्ड तिनं बर्फावरच्या घसरगाडीत घालून घरी ओढत आणले आणि लाकडं ठेवायच्या खोपटात मेज मांडलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणे, “बोलनारी जनावरं मला संभाळायला जमत न्हाईत. ही बरी. गप पडून ऱ्हात्यात.”

तिची रीत ठरलेली. आधी वायर उपटायची. मग वस्तू उपडी घालायची. मग वाकवलेल्या तारेनं एकेक बटण उपसून केकच्या साच्यांच्या ताटात, जसं होतं तसं ओळीनं मांडायचं. आत प्लास्टिकचे तीन पापुद्रे असतात, एकावर एक, त्यांवर चांदीच्या बारीक रेघा. रेघेला रेघ टेकली की अक्षर उमटतं. मधे थेंबभर ओल राहिली तर कुणी न दाबता अक्षरं उमटू लागतात. ओडेट त्याला ‘बरळणं’ म्हणे. धुवायला नळाचं पाणी तिला चालत नसे. गावच्या पाण्यात लोखंड नि चुना, वाळला की रेघांवर खपली धरतो. तिला लागे वाफेचं पाणी, आणि ते येई होलिस पीझलीच्या गुऱ्हाळातून.

आमच्याकडं गुऱ्हाळ उसाचं नसतं, मेपलचं असतं. फेब्रुवारी सरता सरता रात्री गोठायला आणि दिवसा वितळायला लागलं की झाडांना पान्हा फुटतो. होलिस चारशे झाडांचा रस चुलवणावरच्या काहिलीत आटवायचा. वाफ वरच्या पत्र्याला लागून पाणी होई आणि एका नळीतून बाहेर ठिबके. त्याच्याइतकं निर्मळ पाणी या डोंगरात दुसरं नाही. होलिस ते ओडेटसाठी प्लास्टिकच्या कॅनमध्ये धरून ठेवी. आता मेपलचा कच्चा रसही दिसायला पाण्यासारखाच, काचेसारखा स्वच्छ. दोन कॅन शेजारी ठेवले तर देवालाही ओळखू यायचे नाहीत. म्हणून वाफेच्या पाण्याच्या कॅनला होलिस निळ्या लोकरीचा दोरा बांधी. पंधरा वर्षं हे चाललं होतं. दोऱ्यात कधी चूक झाली नव्हती.

होलिस सहासष्ट वर्षांचा, गोठ्याच्या खांबासारखा सरळ आणि तितकाच गप्प. तो गावचा बर्फाचा राखणदार. हिवाळाभर येरवाळी, उजाडता उजाडता, तळ्यावर जायचं, गिरमिटानं बर्फाला भोक पाडायचं, जाडी मोजायची आणि काठावर निशाण रोवायचं. हिरवं असलं तर चला, तांबडं असलं तर मागं फिरा. रोझेअर गेला त्याच्या पुढच्या हिवाळ्यापासून त्यानं हे काम धरलं ते एक दिवस सोडलं नाही. गावाला त्यात नवल वाटलं नव्हतं. कुणीतरी धरायलाच हवं होतं.

दोन वर्षांमागं त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजही काढून घेतला. मग बोलायला यंत्र आलं: एक डबा आणि वायरीनं जोडलेला कीबोर्ड. टिपावं ते डबा बोलून दाखवी. वरच्या ओळीत बारा बटणं होती, त्यांत नेहमीची वाक्यं भरून ठेवायची सोय होती. पूर्वीचं होलिसचं बोलणं म्हणजे या डोंगरातलं अस्सल, खरबरीत, अर्धा शब्द दातात आणि अर्धा पोटात. डबा बोले शहरातल्या बँकेच्या कारकुनासारखा, इस्त्री मारलेलं. म्हातारी माणसं म्हणत, होलिसचा आवाज गेला ते सोसलं, पण बोली गेली हे वंगाळ झालं.

त्या गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला तो ओडेटच्या खोपटात आला. एका हातात फ्लॅनेलच्या सदऱ्यात गुंडाळलेला कीबोर्ड, दुसऱ्या हातात निळ्या दोऱ्याचा कॅन, काखेत डबा. गळ्यात पाटी अडकवलेली, शाळेतल्या पोरासारखी.

“कशानं भिजलं?” ओडेटनं विचारलं.

त्यानं पाटीवर लिहिलं, ‘रस. गुऱ्हाळात.’

“कवा?”

‘सकाळी.’

“आन् आत्ता तीन वाजल्यात! तवर काय करत बसलावतास, सूतक पाळत? वायर तरी काढलीस का?”

त्यानं होकाराची मान हलवली आणि पाटीवर एकच शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला, ‘मंगळवार.’

मंगळवार काय ते वेगळं सांगायला नको होतं. मार्चचा पहिला मंगळवार म्हणजे गावसभा. यंदा चौदावा ठराव होता बर्फाचा राखणदार बंद करण्याचा. पंचांचं म्हणणं, आता फोनवर हवामान कळतं, आणि उद्या हिरवं निशाण बघून कुणी बुडालं तर गावाच्या गळ्याशी येईल. होलिसची बाजू घ्यायला होलिसच. सभेत पाटी दाखवून भागत नाही. मागच्या बाकावरच्याला पाटी दिसत नाही, आणि जे ऐकू येत नाही ते वेस्ट ऑर्लनमध्ये कुणी धरत नाही.

“मंगळवारी तुझा आवाज तुझ्या हातात देती,” ओडेट म्हणाली. “डबा ठिवून जा, जोडून बघाया लागंल. आन् घरला जाऊन काहीतरी गरम पी रं.”

त्यानं पाटीवर काहीतरी लिहिलं. ओडेटनं चष्मा कपाळावरून खाली घेईपर्यंत त्यानं ते बाहीनं पुसलंही होतं.

तिनं त्याच दुपारी काम हाती घेतलं. बटणं उपसली, निळ्या दोऱ्याच्या कॅनमधलं पाणी परातीत ओतून कीबोर्ड तीनदा खळबळून काढला, मग स्पिरिटनं पुसला आणि शेगडीवरच्या उंच जाळीवर ठेवला. शुक्रवार अख्खा तिनं त्याला हात लावला नाही.

शनिवारी दुपारी थेल्मा टटल आली. थेल्मा गावची कारकून. तिच्या माऊसवर पाक घातलेली कॉफी सांडली होती, पण खरं म्हणजे ती गप्पा मारायला आली होती.

“चौदावा ठराव पास होनार बघ,” थेल्मा खुर्चीत बसत म्हणाली. “पंच म्हनत्यात, म्हातारा किती दिस भोकं पाडत हिंडनार?”

“पंचास्नी म्हनावं, तुमी पाडा. एक येरवाळी तरी जावा.”

“तुझं आपलं बरंय. तू त्याच्याच बाजूची.”

“मी कुनाच्याच बाजूची न्हाई. मी वल्ल्याच्या बाजूची.” ओडेटनं बटणं परत बसवली, वायर डब्यात खोचली आणि हात पुसत मागं सरली. डबा गप्प होता. “बघ. शाना झाला.”

“दार लाव,” डबा म्हणाला.

थेल्मानं वळून दाराकडं बघितलं. दार लावलेलं होतं. वरची कडीही घातलेली.

“आगं, हे मला म्हनतंय का?”

“न्हाई गं. पयलं बटन हाय. दार उघडं टाकनाऱ्यांवर लई खवळतो तो.” ओडेट पुढं झाली. “बरळायला लागलंय. ओल ऱ्हायली कुठंतरी.”

“काळी कॉफी. साखर नको,” डबा म्हणाला. “मी बरा आहे. तू बरी आहेस?”

“मी बरी हाय, होलिस,” थेल्मा बोलून गेली आणि तोंडावर हात मारून घेतला. “आई गं! मी कुनाला सांगतीया?”

दोघी हसल्या. हसू मावळायच्या आत डबा म्हणाला, “मला दिसत होतं.” तो पुढं काही बोलणार तोच कुठलंतरी दुसरं बटण आपोआप टेकलं. “दार लाव.” मग पुन्हा, “मला दिसत होतं.” मग, “काळी कॉफी.” मग पुन्हा, “मला दिसत होतं.” स्वर तोच. ना वर, ना खाली. खिडकीबाहेर ढगाळ, पांढरा उजेड होता. तेवढ्या उजेडात त्या सपाट आवाजाला कुठं लपायला जागा नव्हती.

“काय दिसत व्हतं त्याला?” थेल्मानं हळूच विचारलं.

“सभंचं भाषण आसंल भरून ठिवलेलं. बर्फाची जाडी-बिडी.”

“भाषन आसं सुरू करतं व्हय कुनी?”

डबा “मी बरा आहे” म्हणाला तशी ओडेटनं वायर उपटली. पण डब्याची एक खोड होती. तोंडात घेतलेलं वाक्य तो पुरं केल्याशिवाय सोडत नसे. दुसरं बटण आडवं आलं तरच थांबे. वायर लोंबत असताना, कीबोर्ड मेजावर मेलेला पडलेला असताना, डबा म्हणाला, “तू बरी आहेस?”

थेल्मा उठली. माऊस तिथंच राहिला. “सोमवारी न्हेते,” म्हणत तिनं दार उघडलं, आणि बाहेर पडल्यावर ते नीट ओढून घेतलं.

ओडेटला वाटलं, आपण घाई केली. तिनं पुन्हा बटणं काढली, त्याच कॅनमधल्या पाण्यानं पुन्हा धुतलं, पुन्हा जाळीवर चढवलं. रविवारी चर्चला गेली तेव्हा होलिस त्याच्या नेहमीच्या जागी होता. स्तोत्र चाललं की पूर्वी तो सगळ्यांच्या खालच्या पट्टीत घोगरं गायचा. आता नुसते ओठ हलवत होता, आणि हलवता हलवता तिच्याकडं बघत होता. तिनं खुणेनं सांगितलं, होईल. त्यानं नजर काढून घेतली.

सोमवारी उबारा आला. बर्फ वितळायला लागला की आमच्याकडं भरदिवसा धुकं उठतं, जमिनीतून वाफ निघाल्यासारखं. सकाळी दहाला कुंपण दिसेना, सावली नावाला नाही. ओडेटनं कीबोर्ड जोडला. दहा मिनिटं वाट बघितली. गप्प. एकेक अक्षर दाबून बघितलं, डब्यानं नीट म्हटलं. बरं झालं म्हणून शेगडीला लाकडं आणायला ती बाहेर गेली.

हातावर चार ओंडके घेतले असतील तेव्हा खोपटात कुणीतरी बोलतंय असं तिला ऐकू आलं.

क्षणभर तिला वाटलं, होलिसच आलाय. मग आठवलं, होलिस आला तरी बोलणार कुठून? त्याचा आवाज आत मेजावर होता. धुक्यात आवाजाची दिशाच कळत नव्हती. खोपट समोर होतं, पण बोलणं तळ्याच्या बाजूनं आल्यासारखं वाटे. सपाट, सावकाश, कुणालातरी समजावून सांगितल्यासारखं. ती ओंडके घेऊन दारापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली.

“मला दिसत होतं. रोझेअर. दार लाव. मला दिसत होतं. रोझेअर बर्फावर. काळी कॉफी. दार लाव. दार लाव. मला दिसत होतं.”

ओंडके पायावर पडले ते तिला संध्याकाळी कळलं. ती आत घुसली आणि डबा गप्प बसावा म्हणून तिनं वायर उपटली. उपटायला नको होती. आता मधे यायला दुसरं बटण नव्हतं. डब्यानं तोंडात घेतलेलं वाक्य, त्याच्या खोडीप्रमाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरं केलं.

“मला दिसत होतं. रोझेअर बर्फावर उतरला. मी वर मेपलच्या रानात होतो. बर्फ काळा पडलाय, पातळ झालाय हे मला माहीत होतं. मी हाक मारली नाही. वाटलं, होऊ देत पाय ओले.”

मग डबा गप्प झाला.

ओडेट मेजाजवळच्या स्टुलावर बसली. एकोणचाळीस वर्षं सगळा गाव म्हणत आला होता की तिथं कुणी नव्हतं, बघणारं असतं तर ओरडलं असतं. त्या हिवाळ्यात रोझेअर आणि होलिस बोलत नव्हते, हे तिला आठवत होतं. कारण इतकं क्षुल्लक की सांगायला लाज वाटावी. रोझेअरनं होलिसचं बर्फाचं गिरमिट मागून नेलं आणि पातं मोडून परत दिलं, वर म्हणाला, मोडकंच होतं. बास, एवढंच. एका गिरमिटाचा राग आणि ओले पाय.

शेगडीत लाकूड सरलं होतं. थंडी वाजली तेव्हा तिनं हात चोळले, आणि बोटं एकमेकांना चिकटली. तिनं बोटांकडं बघितलं. मग जे पंधरा वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. बोट जिभेला लावलं.

गोड.

ती उठली, कॅनमधलं पाणी तळहातावर घेऊन चाखलं. जेमतेम गोड, झाडाच्या सालीच्या वासाचं. मेपलचा कच्चा रस. निळा दोरा कॅनच्या गळ्याशी नीट, दुहेरी गाठीनं बांधलेला. दोनदा तिनं त्या कीबोर्डाला साखरेत बुडवून काढला होता, आणि आजच्या ओल्या हवेनं साखरेला पाणी सुटलं होतं. म्हणून तो बरळत होता.

दुपार झाली. मंगळवारी दहाच्या सभेला अजून वीस तास होते. मेजावर कात्री होती. पापुद्र्यावरची एक रेघ कातरली असती तर ते वाक्य धरून बसलेलं अकरावं बटण कायमचं मेलं असतं आणि कुणाला कळलं नसतं. तेवढंही करायची गरज नव्हती. “न्हाई वाचला” म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिच्या हातून आजवर कितीतरी गेले होते, लोक हळहळून घरी जात. उद्या होलिस पाटी घेऊन उभा राहिला असता, मागच्या बाकाला काही दिसलं नसतं, आणि ज्यानं हाक मारली नाही त्याची हाक कुणी ऐकली नसती. फिटंफाट. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. संतीण नव्हती ती.

मग ती मोठं पातेलं घेऊन बाहेर गेली, कुंपणापलीकडचा, पावलं न उमटलेला वरवरचा बर्फ भरला, वितळवला आणि पांढऱ्या फडक्यातून दोनदा गाळला. धुऊन वाळत ठेवायला आता वेळ नव्हता, म्हणून जे ती कधी करत नसे ते केलं. पापुद्रे जोडणाऱ्या प्लास्टिकच्या बत्तीस बारीक मेखा सुरीनं कापल्या आणि तिन्ही पापुद्रे सुटे केले. एकेक धुतला, मऊ कापडानं टिपला, उजेडाला धरून रेघ न् रेघ तपासली. अकराव्या बटणाची रेघ सगळ्यांत काळवंडली होती. ती तिनं पेन्सिलीच्या खोडरबरानं दमानं घासली, चमकेपर्यंत.

मंगळवारी सकाळी तिनं सगळं जुळवून जोडलं आणि वरची ओळ डावीकडून दाबत गेली. दार लाव. काळी कॉफी. मी बरा आहे. अकराव्यावर बोट थांबलं, पण धंद्याचा नेम असा की दिलेली वस्तू पुरती तपासून द्यायची. दाबलं. सगळं ऐकून घेतलं. बारावं दाबलं, तर डबा काहीच बोलला नाही. बटण बिघडलेलं नव्हतं, रिकामं होतं. ओडेटनं खुर्ची ओढली आणि त्या रिकाम्या बटणात एक वाक्य भरलं.

सभागृहात बूट पुसण्याचा गोंधळ चालला होता. मागच्या मेजावर मेपलच्या पाकात शिजवलेला घेवडा, पाव, सफरचंदाचे गोड पदार्थ येऊन पडत होते. होलिस भिंतीशी एकटा उभा होता. ओडेटनं कीबोर्ड आणि डबा त्याच्या हातात दिले.

“बाराच्या बारा चालत्यात,” ती म्हणाली. “एकेक दाबून बघितलंय.”

होलिसचा चेहरा राखेसारखा झाला.

“कॅनात रस व्हता. निळा दोरा आन् आत रस. इतक्या वर्सांत कधी आदलाबदल झालीया का रं तुझी?”

त्यानं पाटी उचलली. खडू दोनदा मोडला. ‘कधीच नाही.’

हात चुकला की हातानं मुद्दाम चुकवलं, ते त्याला तरी सांगता आलं असतं की नाही कोण जाणे. दोन वर्षं जे बटण त्याच्या बोटाला दाबवलं नव्हतं, ते साखरेनं दाबलं होतं, आणि जिच्या खोपटात दाबायला हवं होतं तिथंच.

“बारावं रिकामं व्हतं,” ओडेट म्हणाली. “त्यात म्या भरलंय. हितं दाबू नगंस. तळ्यावर दाब.”

चौदावा ठराव दीड वाजता आला. पंचांनी आपलं म्हणणं मांडलं. फोन, हवामान, गावाची जोखीम. सभापतींनी विचारलं, कुणाला बोलायचंय? होलिस उठला. डबा त्यानं समोरच्या बाकावर ठेवला आणि अक्षर न् अक्षर टिपलं.

“राखणदार ठेवा,” डबा म्हणाला.

“कारण सांग की, होलिस,” सभापती म्हणाले. “ठराव हाय. कारण लागतं.”

होलिसचं बोट वरच्या ओळीवर गेलं आणि तिथंच राहिलं. इतका वेळ राहिलं की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली. थेल्मानं लेखणी खाली ठेवली. ओडेट बघत होती. तिनं ना मान हलवली, ना डोळे मिटले.

त्यानं दाबलं.

मधे काही आलं नाही. धुतलेला, कोरडा, निर्मळ कीबोर्ड. बँकेतल्या कारकुनाच्या त्या इस्त्रीच्या आवाजात सगळ्या गावानं ऐकलं, शेवटच्या ओल्या पायांपर्यंत. मग भिंतीकडच्या गरम पाण्याच्या नळांतली धडधड ऐकू येऊ लागली. सगळ्यांनी ओडेटकडं बघितलं, कारण आता बोलायचं कुणी असेल तर तिनंच.

ती उठली. “ठराव पाडा,” ती म्हणाली. “राखणदार ऱ्हाऊ दे. आन् तो ह्योच ऱ्हाऊ दे. मरंस्तवर. एक येरवाळी चुकवायची न्हाई.”

ही दया की शिक्षा, ते कुणी विचारलं नाही. हात वर झाले, मोजायची गरज पडली नाही.

त्यानंतर त्या वसंतात बर्फ फुटेस्तोवर, आणि पुढच्या हिवाळ्यात तळं धरल्यापासून पुन्हा, रोज सकाळी गावाला गिरमिटाची करकर ऐकू येई. ती थांबली की बायका चुलीवरचं भांडं खाली घेत, माणसं दाढीचा हात थांबवत. गोठलेल्या तळ्यावरून आवाज लांब जातो. झाडं हलत नसतात, कुत्रं भुंकत नसतं, आणि त्या पांढऱ्या मोकळ्या जागेवरून डब्यातल्या शहरी कारकुनाच्या तोंडून आमच्या डोंगरातली बोली येते, सपाट, सावकाश, एकदाच.

“रोझेअर, मागं फिर. बर्फ पातळ हाय.”

गाव श्वास धरून ऐकतं. उत्तर येत नाही म्हणताना पुन्हा कामाला लागतं. ओडेट तेव्हा खोपटात असते. कुणाचातरी पाक सांडलेला कीबोर्ड तिच्या हातात असतो. ती ऐकते, पुढचं बटण तारेनं उपसते आणि साच्यांच्या ताटात, त्याच्या जागी, ठेवून देते. वाफेचं पाणी अजून होलिसकडूनच येतं, निळ्या दोऱ्याचं. फक्त ती आता प्रत्येक कॅन आधी चाखून बघते.